फ्री फ्लॅपनंतरचे पहिले पाच दिवस: रक्ताभिसरणावर लक्ष कसे ठेवावे

तोंडाच्या कर्करोगासाठी गाल, जीभ किंवा जबड्याचा भाग काढल्यावर त्या जागी मांडीची किंवा हाताची त्वचा, नाहीतर पायातले फिब्युलाचे हाड बसवण्याची शस्त्रक्रिया आता महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयांत नित्याची झाली आहे. तंबाखू आणि गुटख्यामुळे आपल्याकडे असे रुग्ण खूप आहेत. अपघातात नडगीचे हाड उघडे पडलेल्या रुग्णांची त्यात भर पडते. या शस्त्रक्रियेत ऊतीचा तुकडा त्याची धमनी आणि शीर यांच्यासह मूळ जागेपासून पूर्णपणे सोडवला जातो आणि त्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने, नव्या जागेच्या वाहिन्यांना जोडल्या जातात. या वाहिन्यांचा व्यास साधारण १ ते ३ मिलिमीटर असतो. पुढचे काही दिवस तो संपूर्ण तुकडा, म्हणजे फ्लॅप, एका धमनीवर आणि एक-दोन शिरांवर जगतो.

हा लेख प्रामुख्याने अशा रुग्णांची रात्रपाळी सांभाळणाऱ्या परिचारिका आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे; नातेवाइकांना उपयोगी पडेल असा भागही त्यात आहे. ज्या युनिटमध्ये आपण काम करता तेथील लेखी सूचना आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे सांगणे यांना अर्थातच पहिला मान आहे.

आपल्या हाती किती वेळ असतो

अनुभवी युनिटमध्ये शंभरातले पाचाहून कमी फ्लॅप वाया जातात, परंतु त्याहून जास्त रुग्णांना वाहिनी तपासण्यासाठी पुन्हा थिएटरमध्ये न्यावे लागते. बहुतेक गुठळ्या पहिल्या ७२ तासांत होतात, आणि त्यांतही पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. धमनीपेक्षा शीर बंद होण्याचे प्रमाण जास्त आहे. शिरेची भिंत पातळ असते आणि आतला दाब कमी असतो, त्यामुळे बाहेर साचलेले रक्त, घट्ट पट्टी, वळलेली मान किंवा वाहिनीला पडलेला पीळ यांपैकी काहीही तिला चेपू शकते.

रक्तपुरवठा थांबल्यावर स्नायू शरीराच्या तापमानाला दोन ते चार तासच तग धरतो. त्वचा आणि चरबी थोडा अधिक काळ टिकतात. त्यानंतर मोठी वाहिनी मोकळी केली तरी आतल्या सूक्ष्म केशवाहिन्या सुजून बंद झालेल्या असतात आणि फ्लॅपमध्ये रक्त शिरतच नाही. दर तासाला तपासणी करायची ती यासाठीच. रात्री दोन वाजता ठीक असलेला फ्लॅप तीन वाजता बिघडलेला दिसला, तर तो वाचवण्याची संधी असते; तोच बदल सकाळच्या राउंडला दिसला, तर बहुधा उशीर झालेला असतो.

थिएटरमधून वॉर्डमध्ये येताना

निरीक्षणाचा पाया पलंगाशेजारी होणाऱ्या पहिल्या भेटीत घातला जातो. शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूतील डॉक्टरांनी ड्यूटीवरील परिचारिकेला फ्लॅप प्रत्यक्ष दाखवावा. तो कोठून घेतला, वाहिन्या मानेच्या कोणत्या बाजूला जोडल्या, शिरा किती जोडल्या, ड्रेन (साचणारे रक्त व द्राव बाहेर काढणाऱ्या नळ्या) कोठे आहेत आणि डॉपलरचा, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या उपकरणाचा, आवाज नेमका कोठे मिळतो, हे तेव्हाच सांगावे. डॉपलरच्या जागी त्वचेवर एक टाका घालून ठेवणे उत्तम, कारण पेनाची खूण दोन वेळा जेली पुसल्यावर निघून जाते.

त्याच वेळी, शक्यतो एकाच दिव्याच्या उजेडात, फ्लॅपचा फोटो काढून ठेवावा. मांडीची त्वचा चेहऱ्यापेक्षा मुळातच फिकी असते आणि तिचा रंग दाबल्यानंतर सावकाश परततो. हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीला धडधाकट फ्लॅपही पांढरा पडल्यासारखा वाटतो. फ्लॅप शेजारच्या त्वचेसारखा दिसतो का, यापेक्षा तो तासापूर्वी होता तसाच आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते.

आधी रुग्णाकडे पाहावे

फ्लॅपवर बॅटरी धरण्यापूर्वी रुग्णाकडे नजर टाकावी. रक्तदाब कमी असेल, रुग्ण थंडीने कुडकुडत असेल किंवा वेदनेने तळमळत असेल, तर फ्लॅपच्या वाहिन्या आकसतात. सिस्टॉलिक रक्तदाब साधारण १०० च्या वर आणि लघवी ताशी किमान अर्धा मिलिलिटर प्रति किलो असावी. आकडे खाली आले तर लगेच कळवावे. भरमसाट सलाइन देणे हा मात्र त्यावरचा उपाय नाही, कारण त्याने फ्लॅप सुजतो आणि शिरेवरचा दाब वाढतो.

यानंतर मान पाहावी. डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश वर, मान सरळ, आणि गळ्याभोवती काहीही आवळलेले नाही, याची खात्री करावी. ट्रॅकिओस्टॉमीच्या (श्वासासाठी गळ्यात केलेल्या छिद्राच्या) ट्यूबची गळ्याभोवती बांधायची फीत अशा रुग्णांत वापरत नाहीत. ट्यूब त्वचेला टाक्यांनी बसवलेली असते. पाळी बदलल्यावर एखादी नवी व्यक्ती सवयीने फीत बांधून जाते, म्हणून पलंगावर ठळक अक्षरांत ‘मानेभोवती काहीही बांधू नये’ असे लिहून ठेवलेले बरे. ऑक्सिजन मास्कचे इलॅस्टिक, गाऊनची नाडी आणि केबलची वेटोळीही तपासावीत. पायावरच्या फ्लॅपमध्ये पाय उंच ठेवावा आणि पट्टीला पाहण्यापुरती खिडकी ठेवलेली असावी.

दर तासाची तपासणी

पहिले २४ तास किमान दर तासाला, आणि बहुतेक युनिटमध्ये ४८ ते ७२ तासांपर्यंत त्याच वेगाने तपासणी चालते. नंतर दर दोन ते चार तासांनी. पहिल्या काही तासांत दर अर्ध्या तासाने पाहणारी युनिटेही आहेत. तपासणीचा क्रम दर वेळी तोच ठेवावा म्हणजे काही सुटत नाही.

प्रथम पांढऱ्या प्रकाशाची बॅटरी घेऊन रंग पाहावा. पिवळसर बल्बखाली फिका फ्लॅप गुलाबी वाटू शकतो. त्यानंतर ग्लोव्ह घातलेल्या बोटाने हलके चेपून पाहावे. निरोगी फ्लॅप मऊ पण भरीव लागतो. धमनी बंद झाली की तो ढिला आणि पोकळ लागतो, तर शीर तुंबली की ताठ आणि टम्म होतो. मग बोटाच्या टोकाने किंवा डॉपलरच्या प्रोबच्या मागच्या बाजूने दोन सेकंद दाबून सोडावे आणि रंग किती वेळात परततो हे मनात सेकंद मोजून पाहावे. दोन ते तीन सेकंद हा सामान्य काळ आहे.

सर्वाधिक फसगत येथेच होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. धमनी बंद झाल्याचे चित्र ओळखणे तुलनेने सोपे असते. फ्लॅप पांढरा पडतो, गार लागतो, दाबल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात किंवा तो परततच नाही. शीर बंद होऊ लागते तेव्हा मात्र सुरुवातीला फ्लॅप उलट अधिक गुलाबी, अधिक ‘जिवंत’ दिसतो. रक्त आत येत राहते आणि बाहेर जायला वाट नसते, त्यामुळे दाबल्यावर रंग एका सेकंदाच्या आत झटकन परततो. नव्या निवासी डॉक्टरला हे उत्तम रक्ताभिसरणाचे लक्षण वाटते आणि तो चार्टवर तसे लिहितोही. एक-दोन तासांनी फ्लॅप लालसर-जांभळा होतो, कडांतून गडद रक्त झिरपू लागते, सूज वाढते आणि शेवटी तो निळा-काळा पडतो. त्या अवस्थेला पोहोचलेला फ्लॅप कोणालाही ओळखता येतो, पण तोपर्यंत मोलाचे तास निघून गेलेले असतात. ‘गेल्या तासापेक्षा रंग लवकर परतला’ ही नोंद म्हणूनच धोक्याची खूण मानावी आणि कळवावी.

सावळ्या व काळ्या वर्णाच्या रुग्णांत रंगावर विसंबणे आणखी अवघड असते. पाठ्यपुस्तकांतली बहुतेक छायाचित्रे गोऱ्या त्वचेची असतात. त्यांतला गुलाबी किंवा निळा रंग आपल्या रुग्णाच्या मांडीच्या त्वचेवर दिसेलच असे नाही. अशा वेळी फ्लॅपच्या कापलेल्या कडेवर, जेथे त्वचेचा आतला थर दिसतो, तेथे रंग पाहावा, आणि स्पर्श, ताठरपणा, डॉपलर व सुईची चाचणी यांना जास्त वजन द्यावे. फ्लॅप जिथून घेतला त्या भागाशेजारच्या त्वचेशी तुलना केली तर मूळ रंगाचा अंदाज येतो.

तापमानासाठी हाताची पालथी बाजू पुरते. तापमान दाखवणारी, त्वचेवर चिकटवायची पट्टी असेल तर फ्लॅप आणि शेजारची त्वचा यांत दोन अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक पडल्यास शंका घ्यावी. तोंडातल्या फ्लॅपमध्ये तापमानाचा काही उपयोग नाही, कारण तोंडाची ऊब त्यालाही मिळते.

डॉपलर ऐकताना

पेनासारखा ८ मेगाहर्ट्झचा प्रोब भरपूर जेली लावून, त्वचेशी सुमारे ४५ ते ६० अंशांचा कोन करून, खुणेच्या टाक्याजवळ हलकेच टेकवावा. जोर दिला तर खालची शीर दबते आणि आवाज नाहीसा होतो. धमनीचा आवाज नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उमटतो. शिरेचा आवाज सलग घोंघावणाऱ्या वाऱ्यासारखा असतो आणि श्वासागणिक थोडा कमी-जास्त होतो. फ्लॅप दुसऱ्या हाताने अलगद चेपल्यावर तो क्षणभर मोठा झाला, तर शीर वाहती आहे असे समजावे.

दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे मानेवर प्रोब ठेवून कॅरॉटिडचा (मानेतल्या मोठ्या धमनीचा) किंवा तिच्या शाखेचा ठोका फ्लॅपचा समजणे. तो ठोका फ्लॅप मेल्यानंतरही तितकाच दणदणीत ऐकू येतो. म्हणून मानेवर नव्हे, फ्लॅपच्या त्वचेवरच, खुणेच्या जागी ऐकावे. दुसरी चूक म्हणजे धमनीचा आवाज मिळाला की निश्चिंत होणे. शीर बंद झाल्यावरही धमनी काही काळ धडपडत राहते. फक्त तिचा आवाज आखूड, टणक, ठोसा मारल्यासारखा होतो आणि दोन ठोक्यांमधली सळसळ नाहीशी होते. ‘डॉपलर आहे’ एवढीच नोंद त्यामुळे अपुरी ठरते. धमनीचा आणि शिरेचा आवाज वेगवेगळा लिहावा, आणि तो तासापूर्वीपेक्षा बदलला का, हेही लिहावे.

सुईची चाचणी

शंका असेल तेव्हा सर्वांत बोलकी चाचणी हीच. निर्जंतुक केलेल्या त्वचेवर, वाहिनीच्या वाटेपासून दूर, २४ किंवा २६ गेजची सुई तीन-चार मिलिमीटर खोल टोचावी आणि वाट पाहावी. एक ते तीन सेकंदांत लालभडक रक्ताचा थेंब आला तर रक्ताभिसरण चांगले आहे. काहीच आले नाही, किंवा पाण्यासारखा पातळ द्राव आला, तर धमनीबद्दल शंका घ्यावी. लगेच, भराभर आणि काळसर रक्त आले तर शीर तुंबली आहे. काळसर रक्त थोडे वाहू दिल्यानंतर लाल झाले, तर तेही लिहावे. फ्लॅपमध्ये रक्त अजून येत आहे एवढे त्यावरून समजते. ही चाचणी दर तासाला करू नये, कारण रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना जागोजागी रक्त साखळते आणि पुढच्या पाळीला खरा रंगच कळत नाही. ती कोणी व केव्हा करायची हे आधी ठरवून घ्यावे.

त्याच थेंबाची साखर ग्लुकोमीटरवर पाहणे हा स्वस्त आणि आपल्या वॉर्डांना परवडणारा उपाय आहे. रक्त अडकून पडले की पेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि नवी येत नाही. फ्लॅपमधील साखर ६० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली घसरली आणि बोटाच्या रक्तात ती नेहमीसारखी असेल, तर शिरेत गुठळी झाल्याची दाट शंका घ्यावी. मधुमेही रुग्णांत एका आकड्यापेक्षा बोट आणि फ्लॅप यांतला वाढत जाणारा फरक जास्त सांगून जातो.

तोंडातला आणि आत दडलेला फ्लॅप

गुटख्यामुळे तोंड आधीच आखडलेले असते, आणि त्यात जिभेच्या मागच्या बाजूचा फ्लॅप पाहणे म्हणजे कसरतच. सक्शनने लाळ आणि साखळलेले रक्त काढून, ओल्या गॉझने पृष्ठभाग हळूच पुसून, जीभ दाबणीने बाजूला करून मगच रंग पाहावा. फ्लॅपवर सुकलेली लाळ पांढरी दिसते आणि साखळलेले रक्त काळे. पुसल्याशिवाय दोन्हींबद्दल मत देऊ नये. मानेची सूज आणि ड्रेनमधील द्राव हाही फ्लॅपच्याच तपासणीचा भाग आहे, कारण मानेत साचलेले रक्त शिरेला चेपते. ड्रेन अचानक भरू लागला तर धोका असतोच. सूज वाढत असताना ड्रेन अचानक कोरडा पडला तर तो बहुधा तुंबलेला असतो, आणि हे जास्त फसवे आहे.

नुसते हाड किंवा स्नायू आत बसवला असेल तर पाहण्यासाठी त्वचेचा छोटा तुकडा बाहेर ठेवतात. तसे शक्य नसल्यास शिरेभोवती गुंडाळलेला बारीक डॉपलर प्रोब बसवतात. त्याची तार ओढली जाणार नाही अशी बांधावी. ऊतीतील ऑक्सिजन सतत मोजणारी प्रकाशावर चालणारी यंत्रेही मिळतात, आणि त्यांत आकडा एका तासात झपाट्याने घसरणे ही मुख्य खूण मानतात. ती महाग आहेत. ती असतील तर जरूर वापरावीत, पण यंत्राने इशारा दिला नाही म्हणून डोळ्यांना दिसणारा जांभळा रंग नाकारू नये.

नोंद आणि पाळी बदलणे

चार्टवर ‘फ्लॅप ठीक’ असे लिहू नये. रंग, स्पर्श, रंग परतण्याचे सेकंद, धमनीचा आवाज, शिरेचा आवाज, ड्रेन आणि रक्तदाब अशा वेगळ्या रकान्यांत लिहावे, म्हणजे तीन तासांचा कल एका नजरेत दिसतो. पाळी बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या परिचारिकेने पलंगापाशी उभे राहून फ्लॅप एकत्र पाहावा व डॉपलर एकत्र ऐकावा. ‘थोडा जांभळट’ हा शब्द दोन व्यक्तींच्या मनात दोन वेगळे रंग उभे करतो. एकत्र पाहिल्याने तो घोळ मिटतो. यासाठी लागणारी दोन-तीन मिनिटे वॉर्ड कितीही भरलेला असला तरी काढायलाच हवीत, असे माझे ठाम मत आहे.

शंका आली तर

तासाभराने पुन्हा पाहू, असे म्हणू नये. दहा मिनिटांत पुन्हा तपासावे, आणि बदल कायम असेल तर थेट शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूला फोन करावा. बोलणे नेमके असावे: ‘दोन वाजता फ्लॅप गुलाबी होता, रंग तीन सेकंदांत परतत होता. आता तीन वाजता लालसर-जांभळा आहे, रंग एका सेकंदात परततो, शिरेचा आवाज मिळत नाही, मान डावीकडे सुजली आहे.’ एवढ्यावर डॉक्टर घरून निघू शकतात.

ते येईपर्यंत मान सरळ करावी, घट्ट वाटणारी प्रत्येक गोष्ट सैल करावी, ड्रेनचे सक्शन तपासावे, रक्तदाब पाहावा आणि नळीवाटे चालू असलेला आहार बंद करावा. रक्ताचा नमुना, थिएटर आणि भूलतज्ज्ञ यांची तयारी लगेच सुरू करावी. मान सुजून श्वास अडत असेल तर फ्लॅपआधी श्वासमार्ग. काही वेळा डॉक्टर पलंगावरच दोन-चार टाके सोडून साचलेले रक्त काढायला सांगतात. फ्लॅपला मालीश करू नये, दिव्याने शेकू नये. वेळेत थिएटरमध्ये नेलेल्या फ्लॅपपैकी निम्म्याहून अधिक वाचतात. कधी उघडून पाहिल्यावर वाहिन्या सुरळीत वाहताना आढळतात. त्याबद्दल रात्री फोन करणाऱ्या परिचारिकेला कोणीही बोल लावू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो फोन येणार नाही.

शीर पुन्हा जोडणे शक्य नसेल आणि तुंबलेला भाग लहान असेल, तर काही ठिकाणी जळवा लावतात. जळूच्या लाळेतील हिरुडिन या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यामुळे ती सुटल्यानंतरही काही तास रक्त झिरपत राहते आणि फ्लॅपला तात्पुरती वाट मिळते. तिच्या आतड्यात एरोमोनास जिवाणू असतात, म्हणून प्रतिजैविक आधीच सुरू करतात, आणि हिमोग्लोबिन वारंवार तपासावे लागते. तोंडात लावताना ती घशाकडे सरकू नये म्हणून मागे गॉझ ठेवून कोणीतरी सतत पाहत बसावे. धमनी बंद असेल तर जळवांचा उपयोग नाही. रक्त नसलेल्या फ्लॅपला ती धरतही नाही.

नातेवाइकांसाठी

रात्री दर तासाला दिवा लावून झोपमोड केली जाते याचा राग येऊ देऊ नका. पहिल्या दोन-तीन रात्री ते आवश्यकच आहे. रुग्णाची मान तुमच्या बाजूला वळवू नका, उशी स्वतःहून बदलू नका. तंबाखू, बिडी, मिश्री यांपैकी काहीही त्यांच्या हाती देऊ नका, कारण निकोटिनने वाहिन्या आकसतात. फ्लॅपचा रंग बदललेला किंवा मान सुजलेली दिसली तर सिस्टरना लगेच सांगा, मग त्या कितीही कामात असोत.

पाचव्या दिवसानंतर

फ्लॅपच्या कडांतून आणि तळातून नव्या रक्तवाहिन्या हळूहळू आत शिरतात. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये इंग्रज सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजीच्या नाकावर पुण्याकडे झालेल्या शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. तेथे कपाळाची कातडी खाली वळवून नाक घडवले होते, आणि कपाळाशी जोडलेली पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापली होती. तोवर नव्या वाहिन्यांनी भार उचललेला असतो, हे त्या वैद्यांना अनुभवाने ठाऊक होते. फ्री फ्लॅपमध्ये अशी पट्टी नसल्यामुळे पहिले दिवस इतके नाजूक. पाच दिवसांनंतर तपासणी विरळ करता येते, पण बंद करता येत नाही. पूर्वी रेडिएशन घेतलेल्या मानेत नव्या वाहिन्या सावकाश येतात, आणि जखमेतून लाळ झिरपू लागली किंवा पू झाला तर जोडलेली वाहिनी दुसऱ्या आठवड्यातही बंद पडू शकते.

पायाच्या फ्लॅपमध्ये पाय एकदम खाली सोडत नाहीत. डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसापासून आधी काही मिनिटे, मग रोज थोडी वेळ वाढवत, आणि प्रत्येक वेळी फ्लॅप जांभळा पडतो का हे पाहत पाय खाली सोडायला शिकवतात. घरी जाताना रुग्णाला हेही सांगावे की फ्लॅपला बराच काळ, कधी कायमच, पूर्ण संवेदना नसते. त्यामुळे त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, आणि तोंडातला फ्लॅप असेल तर चहा पिण्यापूर्वी तो किती गरम आहे हे बोटाने पाहावे. भाजल्याचे त्याला कळणार नाही.